‘येते’ म्हणा

इस्त्रीबाईंचं खरं नाव एस्तेर होतं, हे मला त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी बिनदिक्कत त्यांना इस्त्रीबाई म्हणत होते. चिंचवड स्टेशनाजवळच्या त्या वस्तीत सगळेच म्हणायचे. बाई इस्त्री करतात म्हणून इस्त्रीबाई, यात चुकलं कुठं? एक दिवस त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक आले आणि दारातूनच म्हणाले, “सलाम, एस्तेरबाई.” तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी जाऊन माफी मागितली, तर त्या मनापासून हसल्या.

“असू द्या हो, मास्तरीणबाई. नाव बापानं ठिवलं, काम देवानं दिलं. दोन्ही एकसारखंच ऐकू येतंय, मग मी कशाला भांडू?”

मी मूळची निघोज्याची. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हा आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी मला परत आणलं, सातवीच्या फायनलला बसवलं, मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलं. मग चिंचवडच्या शाळेत नोकरी लागली. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं नुकती सुरू झाली होती, माळावर रोज नवा खांब उभा राहत होता. खोली मिळणं मुश्कील. मिळाली ती एस्तेरबाईंच्या शेजारची, मधे नुसती पत्र्याची भिंत. आबा सामान घेऊन आले, शेजारी कोण राहतं ते त्यांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरी, बाई गरीब दिसती. पन तिच्या हातचं पानी न्हाई घ्यायचं, सांगून ठिवतो.” मी मान डोलावली. शिकलेली, सरकारी पगार घेणारी बाई मी, पण मान डोलावली. आज सांगताना लाज वाटते.

एस्तेरबाई साठीच्या घरातल्या. अंगानं वाळक्या, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. इतकी वर्षं ती जड पितळी इस्त्री ओढून दुसरं काय होणार? कोळसे फुलले की बोट तोंडात ओलं करून इस्त्रीला टेकवायच्या. चर्र झालं की काम सुरू. कारखान्यांवर आलेल्या साहेबांच्या पाटलोणी, स्टेशनमास्तरांचे कोट, हमालांच्या खाकी चड्ड्या, सगळं एकाच टेबलावर आणि एकाच निष्ठेनं. चड्डीचा खिसासुद्धा बाहेर काढून त्याला इस्त्री फिरवायच्या. शिवणीच्या आतल्या बाजूलाही.

मी एकदा म्हटलं, “आतनं कोण बघतंय, बाई?”

“बघनारा आतनंच बघतो,” त्या म्हणाल्या आणि चड्डी उलटी केली.

दुसरा त्यांचा नेम म्हणजे शनिवार. शनिवारी दिवे लागायच्या आत प्रत्येकाचं कापड ज्याच्या त्याच्या घरी पोहोचलंच पाहिजे. पाऊस असो, ताप असो, रविवारी परक्याचा एक रुमालसुद्धा घरात राहता कामा नये. कारण विचारलं तर अगदी साधेपणानं सांगायच्या, “तो कधी येईल काय नेम? मी जायची वर, आनि साहेबाची पाटलोन माझ्या घरात कुलपात. साहेब बिचारा उघडा राहायचा की.”

‘तो’ म्हणजे त्यांचा प्रभू. तो पुन्हा येणार आहे आणि त्या दिवशी या जगाचा कारभार संपणार आहे, हे त्यांना पाच पन्नासची लोकल येणार आहे इतकं पक्कं ठाऊक होतं. येणार तेव्हा आपल्या माणसांवर एक डाग नको, एक सुरकुती नको, असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. इस्त्रीवालीला आणखी काय हवं! पोरं चिडवायची, “इस्त्रीबाई, तुमचा येशू कधी येनार?” त्या इस्त्री न थांबवता सांगायच्या, “निघालाय. तुझं नाक पूस आधी.”

आता ‘येते’ची गोष्ट. सकाळी मी शाळेला निघाले की त्यांच्या दारावरूनच जायचं असे. त्या टेबलाशी उभ्या असायच्या. मी म्हणायचे, “येते हं,” आणि त्या म्हणायच्या, “या.” सगळीकडे असतं तसंच. एकदा माझं काहीतरी बिनसलं होतं. सासरहून पत्र आलं होतं, त्यात नको नको ते लिहिलेलं. डोकं भणाणलेलं. दारावरून जाताना मी फणकाऱ्यानं म्हटलं, “जाते!”

एस्तेरबाईंच्या हातातली इस्त्री तशीच थांबली. कुणाच्या कापडावर इस्त्री थांबलेली मी त्या एकदाच पाहिली. ती खाली ठेवून त्या धावत बाहेर आल्या आणि माझा दंड धरला. “माघारी चला.”

“अहो बाई, शाळा...”

“शाळा न्हाई पळून जात. माघारी चला, बसा, पानी प्या. मग ‘येते’ म्हना आनि मग निघा.”

त्यांचा चेहरा असा झाला होता की मला नाही म्हणवेना. मी त्यांच्या पाटावर बसले. त्यांनी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. पेला हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. माझ्या पाणी न घेण्याबद्दल दोन महिन्यांत त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या, पण त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी पेला घेतला आणि घटाघटा प्यायले. मग उठले, “येते, बाई,” म्हटलं. “या,” त्या म्हणाल्या. शाळेत उशीर झाला म्हणून हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. आबांना मात्र मी पुढची चार वर्षं काही सांगितलं नाही.

एका शब्दासाठी एवढं रान उठवायचं कारण काय, ते कळायला वर्ष जावं लागलं. दर शनिवारी सगळी कापडं पोचवून आल्या की निखारे विझायच्या आत एस्तेरबाई ट्रंकेतून एक निळा शर्ट काढायच्या. पुरुषाचा, लांब बाह्यांचा. त्यावर पाणी शिंपडून सावकाश इस्त्री करायच्या, घडी घालून डांबराच्या गोळ्यांत परत ठेवायच्या. तो शर्ट कुणीही कधी घातलेला मी पाहिला नाही. घडीच्या रेघांवर निळा रंग उडून पांढरा झाला होता. फटकळ असले तरी ते विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या नाताळला त्यांनी मला उपासनेला नेलं. वस्तीच्या टोकाला कौलारू खोली, तेच त्यांचं देऊळ. पंधरावीस माणसं, पेटी, भजनं. शेवटी सगळे उभे राहिले आणि पाळकांच्या मागून एका सुरात म्हणाले, “ये, प्रभू, लवकर ये.” मी शेजारी पाहिलं. एस्तेरबाई मान खाली घालून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ गच्च मिटलेले होते. मला नवल वाटलं. उभ्या वस्तीत त्याच्या येण्याची तयारी करून बसलेली बाई ही एकच, आणि हिचंच तोंड बंद! बाहेर पडताना पाळकांची बायको कुणाशी तरी कुजबुजली, “एस्तेरबाईंना गर्व झालाय. आपल्याबरोबर म्हणायला नको त्यांना.” मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग तो कुठला तरी फिरता उपदेशक आला. वस्तीतल्या पाळकांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. बाजाराच्या दिवशी कापडावर रंगवलेली चित्रं टांगून त्यानं ठणकावून सांगितलं की येत्या रविवारी सूर्यास्ताला जगाचा शेवट. झालं! वस्तीत एकच गडबड. आमच्यातला कुरुळीचा सखाराम बांधकामावर वॉचमन होता, देवधर्माचं त्याला फारसं नव्हतं, पण त्या चित्रातली आग त्यानं फार मनावर घेतली. घरच्या पाचही कोंबड्या कापून खाल्ल्या. ज्या चुलतभावाशी बांधावरून सात वर्षं अबोला होता, त्याच्या घरी जाऊन गळ्यात पडला.

शनिवारी सखाराम एस्तेरबाईंच्या दारात आला. त्या नेहमीसारख्या इस्त्री करत होत्या. “अवं बाई, उद्या जग बुडनार हाय. कापडं कशाला कडक करताय?”

“बुडलं तर स्वच्छ बुडंल,” त्या म्हणाल्या.

“तुमीच तर म्हनता तो येनार हाय!”

“येनार हाय. पन त्यानं वार सांगितलेला न्हाई, सखारामभाऊ. त्या चित्रवाल्याला सांगितला आनि मला न्हाई, असं व्हईल व्हय? मी काय त्याचं वाईट केलंय?”

सखाराम गोंधळून गेला. “म्हंजी उद्या न्हाई?”

“उद्या आसंल, परवा आसंल. तुमच्या कोंबड्या तेवढ्या फुकट गेल्या.”

हे सगळं मी हसत हसत ऐकलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास मी वह्या तपासत बसले होते. बाहेर कसली म्हणून वर्दळ नाही, लोक घरात बसून सूर्याकडे डोळे लावून होते. पत्र्याच्या पलीकडून एस्तेरबाईंचा आवाज आला. मोठ्यानं नाही, पण पत्रा तो पत्राच. आधी वाटलं कुणाशी बोलताहेत. मग कळलं, कुणाशी ते.

“आज नको, प्रभू. त्या मानसाचं खोटं हाय, मला ठावं हाय, पन तुझं काय सांगावं? आज नको येऊ. माझी तयारी बघून भुलू नको. माझं पोर अजून भाईर हाय. तू आलास की दार लागनार. एकदा लागलं की न्हाई उघडनार. मग मी आत बसून काय करू? थोडं थांब. लोक लवकर ये म्हनत्यात, त्यांचं नको ऐकू. माझं ऐक. शमू येईस्तवर थांब.”

मी वही मिटली. हातातली लाल पेन्सिल खाली पडली, ती उचलायचं भान राहिलं नाही. मला फार रडू आलं. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला.

सूर्य मावळला, जग राहिलं. सोमवारी सखाराम आणि त्याचा चुलतभाऊ पुन्हा बांधावर भांडायला उभे राहिले. एस्तेरबाई त्याला म्हणाल्या, “एक दिस तरी बोललात की! कोंबड्या न्हाई गेल्या फुकट.”

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या पाटावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, “बाई, शमू कोण?” त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ट्रंक ओढली, शर्ट काढून मांडीवर घेतला आणि सांगितलं. शमुवेल, एकुलता एक. बाप रेल्वेत गँगमन. बापाला विषमज्वर झाला, एकवीस दिवस तळमळला. आई उशाशी बसून प्रार्थना करत होती, पोरगा पायाशी बसून ऐकत होता. बाप गेला. दफन करून घरी आले, आणि पाळक म्हणाले, धीर धरा, प्रभू येणार आहे, सगळ्यांना उठवणार आहे. तसा शमू उसळला. ‘तू एकवीस दिवस बोलावत होतीस तेव्हा आला नाही, आता कशाला येतोय? तुझा देव तुझ्याजवळ ठेव, आई. मी जातो.’

“जातो म्हनला,” एस्तेरबाई म्हणाल्या. “उंबऱ्यात उभं राहून. मी मागं पळाले. म्हनलं, नको मानू देवाला, पन येतो म्हन रे! एवढं एक म्हन! त्यानं मागं बघितलंच न्हाई.” शर्टाची बाही त्या बोटांनी सारखी करत राहिल्या. “आमचा प्रभू गेला तवा येतो म्हनून गेला. म्हनून मी त्याची वाट बघती. येतो म्हननारा येतोच. पन माझं पोर जातो म्हनलंय, मास्तरीणबाई. त्याची वाट मी कशाच्या जोरावर बघू?”

शमू भुसावळच्या रेल्वे कारखान्यात आहे एवढं त्यांना माहीत होतं. दर नाताळला त्या त्याला कार्ड टाकायच्या. ‘मी बरी आहे’ एवढंच लिहायच्या. ‘ये’ असं कधी लिहिलं नाही. लिहिलं आणि तो नाही म्हणाला तर, ही भीती. उत्तर आठ वर्षांत एकदाही नाही.

मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असा उद्योग केला. पत्ता पाहून ठेवला आणि त्या गृहस्थाला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. ना ओळख ना पाळख, पण म्हटलं होऊन जाऊ दे. शेवटचं वाक्य अजून पाठ आहे: ‘तुमची आई आठ वर्षं देवाला दारात थोपवून उभी आहे. तिचे पाय दुखतात. तेव्हा येऊन तिला मोकळं करा.’

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. मला नाही, त्यांना. एस्तेरबाई वाचता वाचता खाली बसल्या आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. दोनच ओळी होत्या. ‘आई, रजा मिळाली की येतो. शमू.’ त्यांनी ‘येतो’वर बोट ठेवलं. “वाचा,” म्हणाल्या. मी वाचलं. “परत वाचा.” परत वाचलं. असं किती वेळा वाचायला लावलं कोण जाणे. मी पत्र लिहिलं होतं हे मी सांगितलं नाही, आणि त्यांना ते कळलं नसेल असंही नाही.

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. शेवटी सगळे उभे राहिले. “ये, प्रभू, लवकर ये,” असं म्हणताना एस्तेरबाईंचा आवाज इतका मोठा लागला की पाळकांनी डोळे उघडून पाहिलं. वाक्य पुरं होतं न होतं तोच त्यांना खोकल्याची उबळ आली. कोळशाचा धूर, म्हटलं. त्याही तेच म्हणाल्या.

तो कोळशाचा धूर नव्हता. पंधरा दिवसांत त्या अंथरुणाला खिळल्या. छाती भरून आली, अंग तापानं फणफणलं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, पुण्याला हलवा. पाळकांनी भुसावळला तार केली. ती तार गेली तेव्हा शमू गाडी घसरली म्हणून दुरुस्तीच्या टोळीबरोबर दूर कुठं तरी लाइनवर होता. एस्तेरबाई पुण्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारल्या. पाळकांनी त्यांना परत आणलं आणि नवऱ्याशेजारी ठेवलं. शमू पोचला तो दफनाच्या दुसऱ्या दिवशी.

मी शाळेतून येत होते. दारात एक रुंद खांद्यांचा, कानशिलं पिकायला लागलेला माणूस हातात पिशवी घेऊन उभा. उजवा खांदा किंचित उतरलेला, कारखान्यातल्या घणानं असेल, पण तेवढ्यावरून ओळखलं. कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. मी दार उघडलं, ट्रंकेतला शर्ट काढून दिला. म्हटलं, “दर शनिवारी इस्त्री व्हायची याला.” त्यानं शर्ट उलगडला तर तो घडीवरच फाटला. घडीवर घडी, वर्षानुवर्षं. कापडात जीव कुठला राहतोय? तो फाटका शर्ट तोंडाला धरून तो एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. मी त्याला खूप बोलणार होते, मनाशी जुळवून ठेवलं होतं. ते बाजूला राहिलं. मी तांब्यातलं पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, “जाताना काही म्हणाली?”

म्हणाल्या होत्या. ते मी त्याला सांगितलं, आणि तेच इथं सांगून थांबते.

त्या सकाळी स्टेशनला न्यायला टांगा आला होता. पुढं पाळक आणि त्यांची बायको, मागं घोंगडीत गुंडाळलेल्या एस्तेरबाई. आतलं लुगडं पांढरं, कडक इस्त्रीचं. तेवढा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. माझ्या शाळेत त्या दिवशी तपासणी होती म्हणून मी बरोबर गेले नाही. तपासणीत काय झालं ते आज आठवतसुद्धा नाही. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं.

“हमालाची खाकी चड्डी तेवढी राहिली. उद्या त्याची ड्युटी हाय.”

“मी करते, बाई.”

“आतनं पन.”

“आतनं पण करते.”

दम लागला म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “शमू येईल. येतो म्हनलाय. मी नसले तर त्याला सांगा, आई ‘जाते’ म्हनली न्हाई.”

टांगेवाल्यानं लगाम सैल सोडला. घोंगडीतून त्यांनी हात बाहेर काढला. त्या हाताला कोळशाचा वास तेव्हाही येत होता.

“येते हं, मास्तरीणबाई.”

“या,” मी म्हणाले. टांगा स्टेशनच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांचा हात बाहेर दिसत होता, आणि मी हातातलं हजेरीपुस्तक छातीशी धरून भर रस्त्यात वेड्यासारखी म्हणत होते, “या, बाई. लवकर या.”